सखोपंत यंत्रनीस यांणीं रॅम निवडिली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमी, बुधवार, ते दिवशीं राज्यांत रॅमेवरून जें रण माजलें तें घडलें तैसेंच लिहिलें आहे, पदरचें अक्षर नाहीं.

दौलतराजे महाराज राज्य करीत होते. राज्य लहान, राजवाड्यांत संगणक एकच, आणि त्याचे निगराणीस सखोपंत यंत्रनीस म्हणून भला गृहस्थ, पोटदुखीचा, चाकरीस होता. महाराजांचा नेम ऐसा कीं, वामकुक्षी आटोपून संगणकापाशीं बैसावें, आणि व्याही मानाजीराव परमुलुखीं आपले घरीं बैसत त्यांशीं मोटारशर्यतीचा खेळ खेळावा, आणि नित्य एक फेरीनें हरावें. त्या दिवशीं तों ऐन वळणावर यंत्र थिजलें, आणि महाराजांची मोटार तळ्यांत गेली, आणि महाराजांनीं पगडी भुईवर आपटून फर्माविलें, "सखोपंत! यंत्राची रॅम मंद जाहली. चपळ रॅम आणा. उद्यां हरलों तर तुमची यंत्रनिशी गेली ऐसें समजा!"

मग पंत पोट धरून पेठेंत गेले. दुकानदार बाबूशेट यांणीं रॅमेच्या दोन पट्ट्या पुढें मांडिल्या आणि बोलिले, "ही आठ जीबीची, आपली आहे तेवढीच, परंतु चाल घोडीची. ही बत्तीस जीबीची, चाल अंमळ संथ, परंतु पोट मोठें. आपले यंत्रास खाच एक, तेव्हां एकच बसेल." पंतांनीं चपळ पट्टी उचलिली, मग बत्तीसाची उचलिली, मग दोन्ही खालीं ठेविल्या. शेट म्हणाले, "पंत, आधीं यंत्राचे पडद्यावर खिडक्या किती उघड्या आहेत तें पहा. जागाच भरली असेल तर चपळाई काय कामाची? यंत्र अडणारच."

मग पंतांनीं वाड्यांत येऊन पाहिलें तों दोनशें अकरा खिडक्या उघड्या, आणि सगळ्या राणी सगुणाबाईसाहेबांच्या. पंत हात जोडून बोलिले, "आईसाहेब, कांहीं मिटाव्या. म्हणजे चपळ पट्टी बसवितों आणि माझी चाकरी राहते."

"मिटवा कीं. मी काय धरून बैसलें आहें?" राणीसाहेब म्हणाल्या.

"ही अनारशांची कृति तीन वर्षें उघडी आहे."

"अजून साधले कुठें?"

"बरें, ही हत्तीच्या खोकल्यावर उपाय. राज्यांत हत्ती नाहीं, आईसाहेब."

"आणि आला म्हणजे? तेव्हां शोधत बसूं?"

मग पंतांनीं एक खिडकी काढिली, तींत कोण्या दूर शहराचें हवामान मात्र होतें, आणि मिटावयास बोट नेलें तों राणीसाहेबांनीं मनगट धरिलें. "ती नको. आमची लेक चंद्रावळ तिथें नांदते. फोनवर सदा बरें आहे म्हणते. ऊन कीं पाऊस, येवढें तरी खरें कळतें मला."

पंतांस स्वतःची लेक आठवली, आणि चाकरी जाईल हें जाणूनही ते उठले, आणि पेठेंतून बत्तीसाची पट्टी आणून बसविली.

दुसरे दिवशीं महाराजांनीं पुसिलें, "चपळच ना?"

"सरकार, मोठी."

"तर मग तुम्ही संपलां," ऐसें म्हणून महाराज खेळावयास बैसले. यंत्र लोण्यासारखें चाललें, एक वेळही अडलें नाहीं, आणि महाराज तीन फेऱ्यांनीं हरले.

पंतांनीं यंत्रनिशीच्या किल्ल्या पायांपाशीं ठेविल्या. तों फोन वाजला, आणि मानाजीराव व्याही आनंदानें बोलिले तें सगळ्या दालनांत ऐकूं गेलें, "महाराज, आज आपली मोटार अडखळेना, म्हणोन आम्हीही प्रथमच मनापासून खेळलों. आजवर आपली अडचण पाहून ब्रेक दाबीत होतों!"

महाराज कानांपर्यंत तांबडे जाहले. कारकून बडतर्फीचा हुकूम लिहावयास बैसला आणि त्यानें पुसिलें, "सरकार, कारण काय लिहूं?" महाराजांनीं फोनाकडे पाहिलें, आणि मग बोलिले, "कागद गुंडाळ. पंत, किल्ल्या उचला."

एकूण तात्पर्य येवढेंच: रॅम मोठी बसली, महाराज उघड उघड हरले, आणि खरें कारण दप्तरीं लिहवेना म्हणोन सखोपंतांची चाकरी राहिली.