वांग्याला लागलेले टोमॅटो

उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला टोमॅटोचं झाड म्हणजे काय हो! लिफ्ट बिघडली की पॅनेलवर बिघाडाची खूण दिसते. खुणेप्रमाणे पार्ट बदलायचा, की स्वारी निघाली वर! झाडाचंही तेच असणार, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. "तू निवांत बस. गच्चीतली तुझी झाडं माझ्याकडे!"

"अहो, नुसतं रोज थोडं थोडं पाणी घाला," ती म्हणाली. "बाकी काही म्हणजे काही करू नका."

गच्चीच्या जिन्यावरूनच घसरून तिचा पाय मोडला होता. आता प्लास्टर निघालं होतं, हाड जुळलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई "जिना चढा, काही होत नाही" म्हणून मागे लागल्या होत्या. पण पहिल्या पायरीवर पाय ठेवला की हिचा चेहरा पांढराफटक! "उद्या बघू" म्हणून मागे फिरायची आणि खिडकीशी बसून राहायची. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना सतत गुणगुणणारी बाई गप्प झाली की घराची काय कळा होते, ते विचारू नका. मला वाटे, लालबुंद टोमॅटोंनी लगडलेली झाडं असली, तर त्या ओढीने तरी ही वर येईल.

आणि नेमकी झाडंच आजारी पडली!

आधी खालची पानं पिवळी पडली. मोबाइलवर शोधलं. नत्र कमी! गेलो खतवाल्याकडे.

"चार कुंड्याच ना? मग चिमूटभर घाला," तो म्हणाला.

चिमूटभर? चिमूटभर ग्रीस लावून कधी लिफ्ट चालली आहे का? मी मूठ मूठ घातलं. झाडं अशी माजली की पानंच पानं! चुकून चार फळं धरली, तर त्यांची बुडं काळी. कॅल्शियम कमी! घातला चुना. चुना पडल्यावर कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी! माझ्या पेटीतले गंजके खिळे, नट, बोल्ट सगळे कुंड्यांत पुरले. मग पानांच्या कडा करपल्या, म्हणून पालाश, म्हणजे पोटॅश. पालाश जास्त झालं, म्हणून मॅग्नेशियम. एक पार्ट बदलावा तर दुसरा जळत होता! खतवाला तर मला लांबून पाहिलं की माझ्यासाठी खुर्ची पुसायला लागला.

खाली रोज चौकशी व्हायची. "कशी आहेत हो माझी लेकरं?"

"मजेत!"

"मग एक फोटो तरी दाखवा."

आली का पंचाईत! टोमॅटोची झाडं म्हणजे नुसत्या काड्या उरल्या होत्या. मी बाजारातून छान लालभडक टोमॅटो आणले. गच्चीत त्यातल्या त्यात हिरवंगार झाड निवडलं, दोऱ्याने एकेक फळ बांधलं आणि ऐटीत फोटो काढला.

तिने फोटो बघितला. मोठा करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, वांग्याच्या झाडाला टोमॅटो कधीपासून यायला लागले?"

"नवीन जात असेल!" मी म्हणालो.

"आणि माझी टोमॅटोची झाडं कुठायत? काय केलंत तुम्ही त्यांचं?"

असं म्हणून ती उठली ती थेट जिन्याकडे! पदर खोचून धाडधाड वर! मी मागून "अगं, पाय! अगं, कठडा धर!" करत धावतोय, पण ऐकतंय कोण!

वर कुंड्यांपाशी तिने एक फांदी हातात घेतली. "पाणी रोज घालत होता ना?"

"रविवारी. बादल्या भरभरून. आठवड्याचं एकदम!"

"मातीत सगळं होतं हो! पाणीच वेळेवर नाही, तर ते फळापर्यंत पोहोचणार कसं?" तिने मातीतून एक बोल्ट उपसला. मग दुसरा. तिसरा उपसताना तिचा हात थबकला. तिने आजूबाजूला पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, जिन्याच्या दाराकडे पाहिलं.

"अहो... मी वर आले!"

"आलीस की!"

ती बोल्ट हातात घेऊन रडली आणि रडता रडता इतकी हसली की कठड्यावरची कबुतरं उडाली. माझेही डोळे भरून आले. लाज कसली त्यात! त्या पिवळ्या, करपलेल्या, बुडं काळी पडलेल्या बिचाऱ्यांना मी तिथल्या तिथे हात जोडले. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मग ती जिन्याच्या तोंडाशी आली, खाली डोकावली आणि मटकन खाली बसली. "आता उतरू कशी हो?"

हात देऊन पाहिला, धीर देऊन पाहिला. काही उपयोग नाही! शेवटी मनाचा हिय्या करून मी खरं काय ते सांगून टाकलं. "हे बघ, खाली मोरीच्या खिडकीतल्या तुझ्या मिरच्या आहेत ना? त्यांनाही मी आज सकाळी हे सगळं घातलंय."

माझ्या आधी ती खाली होती!