नवलकोलाशी भांडणारे गोपाळअण्णा

आमच्या जयनगरात कोंबडे कमी होते, पण त्यांची उणीव कधी भासली नाही. उजाडलं की शेजारचे गोपाळअण्णा परसात उभे राहून कानडी-मराठी मिसळून नवलकोलाशी भांडत.

"नोडी, नोडी! बघा तरी! महिना झाला नि गड्डा लिंबाएवढा! लाज वाटत नाही?"

हे भांडण स्वतःच्या वाफ्याशी नसे. परसात वाफे दोन. उजवीकडचा अण्णांचा, डावीकडचा त्यांच्या बायकोचा, म्हणजे राधाक्कांचा. शिव्या फक्त डावीकडच्याला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून राधाक्कांचा पळीसकट हात बाहेर येई. "माझ्या पोरांना बोलू नका हो! तुमचे दगड सांभाळा!"

मी तेव्हा बेळगावहून मास्तरकीसाठी नुकताच आलो होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांची मुलं फारच हूड असावीत. मुलं नव्हतीच. होते ते नवलकोल.

अण्णा एका सरकारी प्रयोगशाळेत बाटल्यांच्या कोठारावर होते. बाटल्यांच्या सहवासाने त्यांना शास्त्राचा जबर संसर्ग झाला होता. यशवंतपूरच्या बाजारातून सायकलला बांधून ते अमोनियम सल्फेटचं पोतं आणत आणि त्याला लाडाने 'साखर' म्हणत. "सायन्स आहे, मास्तर, सायन्स!" शेणाचं नाव काढलं की उपरण्याने नाक झाकत. राधाक्कांचा सारा भरवसा कुजलेल्या शेणखतावर आणि करंजाच्या पेंडीवर. दर संक्रांतीला दोन्ही वाफ्यांचे नवलकोल समोरासमोर येत. अण्णांचा वजनाला भारी निघे. राधाक्का त्यात नख रोवून बघत आणि म्हणत, "दगड." निकाल दर वर्षी लटकलेला.

त्या वर्षी मात्र पैज लागली. जो हरेल त्याच्या वाफ्यात पुढच्या हंगामात जिंकणाऱ्याचं खत! पंच म्हणून मला नेमलं. मी शाळेत इन्स्पेक्टर आल्यावरही इतका घाबरलो नव्हतो.

रोपं लावली आणि राधाक्का विषमज्वराने आडव्या झाल्या. ताप उतरला, पण त्या उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पेज पुढे केली तर मान वळवत. डॉक्टर म्हणाले, "औषध संपलं, आता त्यांच्या मनावर आहे." अण्णांचं भांडण मात्र आणखी चढलं. रोज त्यांच्या खिडकीखाली उभे राहून ओरडत, "अगं, तुझं शेण हरलं! सुकली तुझी पोरं!" खिडकीतून उत्तर येत नसे. मला त्या माणसाची चीड येऊ लागली. आजारी बाईला असं कोणी छळतं?

एका सकाळी फाटक उघडलं आणि बघतच राहिलो. आमचा गवळी गाय दारात आणूनच दूध काढी. त्या गाईच्या मागे एका हाताने धोतराचा सोगा आवरत, दुसऱ्या हातात बादली घेऊन अण्णा अदबीने उभे होते. उपरणं खांद्यावर, नाक उघडं! बादली भरताच ते धावत परसात गेले, शेण पाण्यात कालवून डावीकडच्या वाफ्याला घातलं आणि वर खिशातल्या पुडीतली चिमूट चिमूट साखर टाकली. उजवीकडचा वाफा पिवळा पडला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मला बघून ते दचकले. "सायन्स आहे. बोलू नका."

संक्रांतीच्या सकाळी त्यांनी खिडकीखाली कुदळ आपटली. "मी जिंकलो! तुझा वाफा आत्ता उपटतो!"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आणि भिंतीला धरत, पदर सावरत राधाक्का परसात आल्या! मी वजनकाटा घेऊन उभाच होतो, तो माझ्या पायावर पडला. "हात तर लावून बघा!" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांच्या वाफ्यात असे तजेलदार गड्डे धरले होते की मला ते उचलून नाचावंसं वाटलं.

त्या हळूच खाली बसल्या. एकात नख रोवलं. नख लोण्यात शिरावं तसं शिरलं. मग पानाच्या बेचक्यातून त्यांनी बोटावर काही पांढरे कण टिपले.

"अहो, माझ्या पोरांना तुमची साखर कुणी दिली?"

अण्णा आकाशाकडे बघू लागले. "मुंग्यांनी आणली असेल."

"आणि शेण?"

"तेही सायन्सच आहे," अण्णा पुटपुटले.

राधाक्का त्या पिवळ्या वाफ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "अय्यो, काय दशा केलीत ह्यांची! ह्यांना उद्या स्वल्प शेण घाला. नको, राहू दे. तुम्हाला नाही जमायचं. मीच घालते."

अण्णांनी कुदळ भिंतीला टेकवली. वाद न घालता, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सरी, बरं."

माझा निकाल कोणी विचारलाच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच परसात भांडणाला तोंड लागलं आणि मी अंथरुणातच उठून बसलो. आवाज दोन होते.