साडेसातनंतरचे तात्या

नौपाड्यातल्या आमच्या चाळीत गोड ऐकायचं असेल तर सातच्या आत तात्या टिपणिसांकडे जावं आणि खरं ऐकायचं असेल तर साडेसातनंतर. मधला अर्धा तास औषधाचा.

दारूबंदी लागू झाली तेव्हाची गोष्ट. परमिट फक्त प्रकृतीच्या कारणावर मिळत असल्यामुळे ठाण्यातली बरीच धडधाकट माणसं एकाएकी आजारी पडली होती. तात्यांचा दमा मात्र खरा होता. डॉक्टरांची चिठ्ठी आणि सरकारी शिक्का घेऊन ते रोज गॅलरीत बसत आणि मापाच्या ग्लासातून ब्रँडी घेत. याचा सर्वात जास्त राग आमच्या चाळीच्या सेक्रेटरींना. ते स्वतः खाडीपलीकडून सायकलच्या ट्यूबमधून हातभट्टीची मागवत आणि दार लावून पीत. "उघड्यावर पितात हो! मनाची नाही तर जनाची तरी?" असं ते मला नेहमी म्हणायचे.

दिवसा तात्या म्हणजे साखरेचं पोतं. कचेरीत हेडक्लार्क, पण कुणाला दुखवणार नाहीत. सगळ्याला एकच शब्द, "फर्स्टक्लास!" कुणाच्या नव्या सुनेचे दगडासारखे लाडू फर्स्टक्लास, कुणाच्या मुलाचे बेसूर आलाप फर्स्टक्लास. मग संध्याकाळी रिकामा ग्लास कठड्यावर उपडा ठेवून ते म्हणायचे, "हं, औषध लागू पडलं. आता विचारा."

मी एकदा त्यांना सकाळी माझं नाटक वाचून दाखवलं. "मधू, फर्स्टक्लास! रंगभूमी तुझी वाट पाहतेय रे." मला राहवलं नाही, संध्याकाळी पुन्हा गेलो. तात्या म्हणाले, "खरं सांगू? पहिल्या अंकात नायिका मरते ते उत्तम. नायकालाही तेव्हाच न्यायचा होतास." मी नाटक लिहिणं सोडलं. रंगभूमीनेही कधी चौकशी केली नाही.

चौकशी म्हणजे त्या काळी लग्नातला पहिला विधी. मुलीचा बाप मुलाच्या शेजारीपाजारी जाऊन विचारायचा आणि शेजारी एका सुरात सांगायचे, "निर्व्यसनी, मनमिळाऊ, होतकरू." सेक्रेटरींचे चिरंजीव तीनदा मॅट्रिकला बसले तरी चाळीच्या लेखी ते होतकरूच. अशा मुलुखात तात्यांची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. प्यायलेला माणूस खोटं बोलत नाही यावर सगळ्यांची श्रद्धा. थेट कल्याणहून मुलींचे बाप साडेसातचा सुमार धरून येऊ लागले. तात्यांच्या शब्दावर दोन लग्नं मोडली. मोडली ते बरंच झालं, कारण दोन्ही मुलं मला ठाऊक होती.

पण त्यांच्या स्वतःच्या मालतीचं काही जमेना. तात्यांची पत्नी जाऊन आठ वर्षं झाली होती. मालती चोवीस वर्षांची, हुशार, घर एकटीने सांभाळणारी. दोन स्थळं आली, मुलगी पसंत आहे असं हसतमुखाने म्हणाली आणि पुढे गप्प झाली. तिसरं स्थळ डोंबिवलीच्या कारखानिसांचं. पाहण्याचा कार्यक्रम छान झाला. मुलगा जाता जाता जिन्यात दोनदा मागे वळला, हे मी स्वतः पाहिलं.

चार दिवसांनी मुलाचे वडील एकटेच आले. बरोबर साडेसातला. मुलीची चौकशी खुद्द मुलीच्या बापाकडे करायची, हे फक्त तात्यांच्या बाबतीतच घडू शकत होतं! अर्ध्या तासाने ते उतरलेल्या चेहऱ्याने उठले आणि स्टेशनचा जवळचा रस्ता विचारायला माझ्या दारात थांबले. मी जेवत होतो.

"मुलगी फार रागीट आहे म्हणतात. हाताला चव नाही. आणि हे तिचे वडीलच सांगतायत हो, तेही घेतल्यावर. आता आणखी काय पुरावा हवा?"

माझ्या पानात मालतीनेच वाटीभर पाठवलेलं वालाचं बिरडं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळीच तात्यांना गाठलं. मालती विहिरीवर गेली होती.

"तात्या, मालतीच्या हाताला चव नाही?"

"फर्स्टक्लास आहे," तात्या सवयीने म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पायात वहाणा सरकवल्या. मला त्यांचा राग आला होता, तो कुठे गेला कोण जाणे. शेवटी म्हणाले, "मधू, माझ्याबरोबर डोंबिवलीला येतोस? एकट्याला धीर होत नाही."

तेव्हा डोंबिवलीत स्टेशनाबाहेर पडलं की भाताची शेतं लागत. बांधावरून चालत कारखानिसांच्या ओटीवर पोचलो. तात्यांनी टोपी काढली.

"मुलगी गुणी आहे. शांत आहे. स्वयंपाक तिच्या आईसारखा करते. काल मी खोटं बोललो."

कारखानीस अवघडले. "तात्यासाहेब, राग मानू नका. पण दिवसा तुम्ही सगळ्यांनाच चांगलं म्हणता असं ऐकून आहे. संध्याकाळी आला असतात तर..."

मला हसू आवरेना. तात्यांना मात्र दम लागला. ते खांबाला धरून उभे राहिले.

"संध्याकाळीच खोटं बोललो मी. तीन स्थळांना बोललो. ही गेली की घरात आवाज उरणार नाही, याची मला भीती वाटते. औषध घेतलं तरी ती जात नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

आतून कारखानीसबाई आल्या, तात्यांना बसायला पाट दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पंचांग काढा."

घरी आलो तेव्हा मालती पोळ्या लाटत होती. तात्या उंबऱ्यातच थांबले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिने लाटणं खाली ठेवलं नाही.

"मला ठाऊक आहे, बाबा. गॅलरी आणि स्वयंपाकघराच्या मधे नुसती फळ्यांची भिंत आहे. तिन्ही वेळा ऐकलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," मालती म्हणाली आणि तिने तव्यावरची पोळी उलटली.