यशस्वी साखरपुड्यांचा मुलगा

इंग्रजी भाषेने आप्पा रिसबुडांना आजवर एकदाही फसवलं नव्हतं, असं आप्पाच सांगत. सांगत कसले, ऐकवत! उभी हयात त्यांनी कोर्टात भाषांतरकार म्हणून काढलेली. खरेदीखतं, मृत्युपत्रं, कलमांची भांडणं, सगळं त्यांनी मराठीत आणून सोडलं होतं. नियम एकच, शब्दाला शब्द! पदरचं घालायचं नाही, मुळातलं गाळायचं नाही. निवृत्तीनंतर भाषांतराला काही मिळेना, तेव्हा ते साबणाच्या वेष्टनावरचं इंग्रजी पद्मजाबाईंना मराठीत वाचून दाखवायला लागले. पद्मजाबाई त्यांची पत्नी असल्यामुळे त्यांना ते ऐकावं लागे.

अशा माणसाच्या हातात होऊ घातलेल्या जावयाचं इंग्रजी पडलं!

त्यांची लेक उर्वी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात खरेदी विभागात होती. तिच्यासाठी पुण्याच्या गंधार पटवर्धनचं स्थळ आलं. दोघं एकदा फोनवर बोलली आणि मग बोलतच राहिली. फोन ठेवल्यावरही उर्वी आपली हसतेय! आजवर आलेल्या प्रत्येक मुलात खोट काढणारी ही पोरगी हसते म्हटल्यावर पद्मजाबाईंचा जीव भांड्यात पडला होता. शनिवारी पटवर्धन मंडळी गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन घरी येणार होती.

आदल्या दिवशी मुलाच्या आईचा, दमयंतीबाईंचा फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "गंधारचं सगळं त्या नोकरीवाल्यांच्या साइटवर आहे हो. इंग्रजीत आहे, पण तुम्हाला त्याचं काय!"

आप्पा फुलले. चष्मा पुसून त्यांनी थेट मारुती आळीतलं सायबर कॅफे गाठलं. कॅफेवाल्या दर्शनाने गंधारचं पान उघडून दिलं, आणि आप्पांनी फुलस्केप कागदावर त्याचं साग्रसंगीत भाषांतर केलं. घरी आले ते चेहरा पाडूनच.

"अगो, बस जरा. ऐक. 'सदरहू इसम हा तंत्रज्ञानाचा धर्मोपदेशक आहे.'"

"म्हणजे कीर्तनकार?"

"इव्हँजेलिस्ट असा शब्द आहे. ख्रिस्ती."

"अगो बाई! पटवर्धन ना हो ते?"

"मध्ये बोलू नकोस. 'सदरहू इसम जपानमध्ये भरपूर उघडा पडलेला आहे.'" पद्मजाबाईंनी पदर सारखा केला. "'नव्या जागी गेल्यावर तो धावतच जमिनीवर आपटतो.'"

"फिट्स येतात की काय?"

"लिहिलेलं नाही. नाही ते मी सांगत नाही." आप्पांचा आवाज खाली आला. "'सदरहू इसमाने अनेक साखरपुडे यशस्वीरीत्या पार पाडले असून, एकाच वेळी तीन-तीन साखरपुडे सांभाळण्याचा त्यास अनुभव आहे. अशिलांशी त्याचे दीर्घकाळचे संबंध आहेत. हल्ली तो नव्या साखरपुड्यास खुला आहे.'"

इंग्रजीत शब्द होता एंगेजमेंट. आता एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा, हे काय आप्पांना कुणी शिकवायला हवं?

"हे त्याने आपणहून लिहिलंय?" पद्मजाबाईंना धड ओरडताही येईना.

"आपणहून! वर फोटो. टाय लावून!"

"निर्लज्ज मेला! मी आत्ता सांगत्ये उर्वीला."

तेवढ्यात माडीवरून उर्वीचं हसू ऐकू आलं. फोनच चालला होता. आप्पांनी जिन्याकडे पाहिलं. या पोरीचं हसू आपण एका कागदाने बंद करायचं?

"पुराव्याशिवाय नको," ते म्हणाले. "उद्या येऊ दे त्याला. उलटतपासणी घेतो!"

शनिवारी पाहुणे वेळेआधीच आले. उर्वीचा कारखाना अर्धा दिवस होता, ती यायची होती. पद्मजाबाईंनी ठरलेला शिरा रद्द करून पोहे केले, तेही वर खोबरं न घालता. कोकणात खोबऱ्याशिवायचे पोहे पुढे आले, की पाहुण्याने काय ते ओळखावं! मुलाच्या वडिलांनी ते निमूटपणे खायला घेतले.

आप्पांनी घसा साफ केला. शंकेला जागा नको म्हणून त्यांनी मुळातलाच शब्द वापरला.

"आजवर तुमच्या एंगेजमेंट किती झाल्या?"

गंधार खुलला. पाठ असलेलाच प्रश्न आला होता! "मोजल्या नाहीत काका. पण डझनभर तरी."

"पहिली?"

"मुंबईची. छोटीशीच होती. लगेच आटपली. मग बंगलोरची. ती मात्र जड गेली हो! रात्र-रात्र झोपू दिलं नाही."

आत कपबशी फुटली.

"एका वेळी एकच?"

"छे! एकीवर कसं भागेल? दोन-तीन तर असायच्याच."

"आणि मन भरलं की?"

"मन भरून कसं चालेल? मुदत संपली की दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवून द्यायची. त्याला हँडओव्हर म्हणतात."

आप्पा दमयंतीबाईंकडे वळले. "बाई, तुम्हाला हे ठाऊक आहे?"

"म्हणजे काय! त्या जपानच्या एंगेजमेंटला तर आम्ही अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले!"

"पोह्यांत खोबरं नसतं का इकडे?" मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं.

"चालते व्हा!" आप्पा गरजले. पद्मजाबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. "माझ्या पोरीला कुणाकडे सोपवणार होतास रे, मेल्या?"

"उर्वीला?" गंधार उभाच राहिला. "उर्वीला कशाला सोपवू? काकू, काय बोलताय काय तुम्ही?"

"काय चाललंय?" दारात उर्वी उभी होती, खांद्याला डब्याची पिशवी. आप्पांनी फुलस्केप तिच्या हातात दिला. तिने वाचायला सुरुवात केली. उघडा पडण्यापर्यंत ती कशीबशी उभी होती. साखरपुड्यांपाशी तिने चक्क जमिनीवर बसकण मारली, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"आप्पा! अहो, एंगेजमेंट म्हणजे काम! कंपनीने दिलेलं काम!"

"मग काम असं का नाही लिहीत?"

"कामाला काम म्हटलं तर पगार कोण देईल?"

"आणि धर्मोपदेशक?"

"आमचं सॉफ्टवेअर घ्या, असं लोकांना सांगत फिरणारा."

"जपानमध्ये उघडा पडला तो?"

"एक्स्पोजर! जपानला जाऊन आला."

"चारच दिवस," गंधारने कबूल केलं. "त्यातला एक विमानतळावर."

"धावत जमिनीवर आपटणं?"

"हिट द ग्राउंड रनिंग. गेल्या गेल्या कामाला लागणं."

आप्पांना हायसं वाटलं. पण भाषांतर अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती. "आणि हे शेवटचं? नव्या एंगेजमेंटला खुला?"

उर्वीने कागदाची घडी घातली. तिने गंधारकडे पाहिलं. गंधारने बशी खाली ठेवली.

"म्हणजे नोकरी गेली आहे, काका. दिवाळीच्या आधी. मंदी आहे ना."

पद्मजाबाईंना राहवलं नाही. "त्यापेक्षा यांचं भाषांतर बरं होतं हो! त्यात मुलगा कामात तरी होता!"

"आम्ही आल्या आल्या सांगणारच होतो," दमयंतीबाई म्हणाल्या, "पण तुम्ही एंगेजमेंट मोजत बसलात!"

"मला ठाऊक होतं, आई," उर्वी म्हणाली. "पहिल्याच फोनवर सांगितलं त्याने. नोकरी गेली आहे, दुसरी शोधतोय, आणि पिठलं बरं करतो. इतकं सरळ आजवर कुठलाच मुलगा बोलला नव्हता. मला आवडला तो."

आप्पा गंधारकडे बघत राहिले. कोर्टात इतकी वर्षं काढूनही स्वतःविरुद्ध इतकं स्वच्छ बोलणारा इसम त्यांच्या पाहण्यात नव्हता. मुलगा त्यांना एकदम पसंत पडला. पद्मजाबाई आत गेल्या आणि ओल्या खोबऱ्याची वाटी घेऊन आल्या.

दुसऱ्यांदा पोहे घेता घेता मुलाच्या वडिलांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "तुमच्याकडून आलेली ही मुलीची माहिती. हीसुद्धा जरा मराठीत करून द्या."

"ती मराठीतच आहे," आप्पा घाईने म्हणाले. मजकूर त्यांचाच होता.

"'गृहकृत्यदक्ष'," मुलाचे वडील वाचू लागले.

"चहा येतो," उर्वी म्हणाली. "बहुतेक वेळा उतू न जाता."

"'मनमिळाऊ.'"

"आप्पांशी रोज भांडते, पण जेवणाआधी मिटवते."

"'शास्त्रीय संगीताची आवड.'"

"घरात रेडिओ आहे."

गंधार इतका हसला की त्याला ठसका लागला. वडिलांनी चष्मा नीट करून पुढची ओळ वाचली, "'वडील इंग्रजी भाषेचे गाढे जाणकार.'"

या ओळीचं भाषांतर मात्र कुणीच मागितलं नाही. सगळे नुसते आप्पांकडे बघत राहिले.

"पाणी आणतो," म्हणून आप्पा जे आत गेले, ते साखरपुड्याची तारीख ठरेपर्यंत बाहेर आलेच नाहीत!