समान झीज

महिन्याच्या शेवटच्या रविवारी रेसिंगचा ट्रॅक सर्वसामान्य वाहनचालकांसाठी खुला असे. शर्यत नसे, बक्षीस नसे, प्रेक्षकही नसत. आपापली रोजची गाडी आणायची, डोक्यावर हेल्मेट चढवायचे आणि वीस मिनिटे हवी तशी पळवायची, एवढाच कार्यक्रम. आलेली मंडळी घामाघूम होऊन परत जात आणि सोमवारी आपापल्या कचेरीत जरा कमी भांडत. या उपक्रमाविषयी कोणाचीही तक्रार नव्हती, आणि ज्याविषयी तक्रार नसते ते फार काळ समितीच्या नजरेतून सुटत नाही.

निमित्त झाले अध्यक्षांच्या टायरचे. ट्रॅक मंडळाच्या अध्यक्षांची गाडी चालवण्याची स्वतंत्र शैली होती. वळण अंगावर येईपर्यंत ब्रेक लावायचा नाही, आणि आले की स्टिअरिंग जेवढे फिरेल तेवढे फिरवायचे. पुढची चाके बिचारी तिरकी होऊन फरफटत जात. ट्रॅकवर बहुतेक वळणे उजवीकडची, त्यामुळे सगळा भार डाव्या चाकावर, त्यातही त्याच्या बाहेरच्या कडेवर. एका रविवारी त्या कडेतून टायरच्या तारा डोकावू लागल्या. आतली कड मात्र कालच दुकानातून आणावी तशी होती. अध्यक्षांनी बराच वेळ टायरकडे पाहिले आणि चूक टायरची आहे असा निष्कर्ष काढला.

"एकाच टायरची एक कड मरमर झिजते आणि दुसरी मजेत राहते," ते सभेत म्हणाले. "हा अन्याय आपल्या ट्रॅकवर रोज चाललाय, आणि आपण चहा पीत बसलोय."

सभासदांनी कप खाली ठेवले. तिथल्या तिथे समान झीज समिती स्थापन झाली आणि तिचा पहिला नियमही झाला. ज्या गाडीची चारही चाके, आणि प्रत्येक चाकाच्या दोन्ही कडा, सारख्या झिजलेल्या नसतील, तिला ट्रॅकवर प्रवेश नाही. अध्यक्षांची गाडी अभ्यासाचे साधन म्हणून या नियमातून वगळण्यात आली.

नियमाचा पहिला फटका चष्मेवाल्याला बसला. चौकात त्याचे चष्म्यांचे दुकान होते. आठवडाभर लोक त्याच्यासमोर बसून 'आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं' हे त्यालाच विचारत. घरी बायको हुशार, मुली तिच्याहून हुशार. त्याचे कोणी ऐकत नसे असे नाही. सगळे नीट ऐकून घेत आणि मग आधी ठरले असेल तेच करत. महिन्यातली ती वीस मिनिटेच काय ती त्याची स्वतःची होती. तेव्हा कुठे वळायचे हे ट्रॅक सांगत असे, माणसे सांगत नसत. ती वीस मिनिटे गेली तर आपल्याकडे काही उरणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

तपासणीच्या शेडमध्ये खुर्ची टाकून त्याचा मेहुणा बसला होता. बायकोचा हा धाकटा भाऊ नवा तपासनीस होता. त्याला गाडी चालवता येत नसल्यामुळे तो निःपक्षपाती आहे असे समितीचे मत पडले होते.

"भाऊजी, बाहेरची कड जास्त गेलीय," टायरच्या खाचांची खोली मोजून तो म्हणाला.

"अरे, वळणावर गाडी बाहेर कलते. बाहेरची कड जास्त घासणारच."

"ते मान्य आहे मला. पण सारखी नाही ना."

"परवाच आमच्याकडे जेवलास की रे तू."

"म्हणून तर एवढं समजावून सांगतोय. बाकीच्यांना नुसतंच परत पाठवलं."

चष्मेवाल्याने तडक रस्त्यापलीकडचे गॅरेज गाठले. अलाइनमेंटवाल्याने गाडीखाली डोके घातले, एकदा सस्पेन्शन हलवून पाहिले आणि हात पुसत उठला.

"सोपं आहे साहेब. वळणावर चाक बाहेरच्या कडेवर पडतं ना? मग गाडी उभी असतानाच त्याचा माथा थोडा आत झुकवून ठेवायचा. वळणावर ते बरोबर सरळ बसतं, आणि टायर सगळ्या रुंदीभर सारखा झिजतो. कॅम्बर म्हणतात त्याला."

"मग गाडीची कंपनी आधीच तसं का देत नाही?"

"कंपनीला वाटतं, माणसं रस्त्यानं नीट जाणार आहेत."

चष्मेवाल्याने चाके झुकवून घेतली. शिवाय चार नवे टायर चाकांसकट घेतले. रस्त्यावर त्यांना ओरखडाही उठू नये म्हणून तो ते डिकीत आणि मागच्या सीटवर घालून आणी आणि शेडमध्ये पोचल्यावर चढवी. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याची गाडी शेडमध्ये उभी राहिली तेव्हा टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते. मेहुण्याने कडा मोजल्या. अगदी सारख्या होत्या. मग त्याने खिशातून ओळंबा काढला. तो त्याने एका गवंड्याकडून मागून आणला होता. दोरी चाकाशेजारी सोडून त्याने एक डोळा मिटला.

"भाऊजी, चाकं वाकडी आहेत."

"उभी असताना वाकडी आहेत. पळताना सरळ होतात."

"पण आम्ही तपासतो उभी असताना."

"मग पळताना तपासा."

"पळताना कसं तपासू? मला एवढं पळता येत नाही."

चष्मेवाला अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि शेवटी समजही दिली.

"पळताना कोण कसं आहे हे बघायला लागलो तर एक तरी संस्था चालेल का हो? उभं असताना सरळ दिसलं पाहिजे, बस. आमचं सगळं मंडळ आजवर याच तत्त्वावर चाललंय."

हे तत्त्व सगळ्यात आधी अलाइनमेंटवाल्याला समजले. त्याने आपला जॅक आणि पाने घेऊन शेडच्या दारातच ठाण मांडले. तपासणीआधी तो चाके सरळ करून देई आणि तपासणी उरकली की पुन्हा झुकवून देई. या दुहेरी कामात लोकांची पाळी हुकू लागली, आणि रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ देणाऱ्या चष्मेवाल्याची तर दर वेळी हुकली. समितीच्या कानावर हा प्रकार गेला तेव्हा ती संतापली. तिने अलाइनमेंटवाल्याला बोलावून घेतले, चांगले खडसावले आणि त्याला अधिकृत सरळीकरण केंद्र म्हणून मान्यता दिली.

आता प्रत्येक टायर सारखा झिजू लागला, पण डावे टायर उजव्यांपेक्षा लवकर संपू लागले. समितीने उपाय काढला. सकाळी ट्रॅकवर सुलट जायचे, दुपारी उलट. दुपारची घोषणा अर्ध्या लोकांना ऐकू गेली नाही. दोन गाड्या एका वळणावर नाकासमोर नाक येऊन कशाबशा थांबल्या. दोन्ही चालक सभ्य असल्यामुळे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करण्यात त्यांची वीस मिनिटे संपली.

समितीने यावर गांभीर्याने विचार केला आणि तिला मूळ सापडले. दोष वळणांचा होता. मात्र वळणे काढून टाकली तर ट्रॅक परत फाटकापाशी येत नव्हता. म्हणून वळणावर इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यावी असा नियम आला. ढकलताना टायर फारसे घासत नसत. ढकलणाऱ्यांच्या बुटांच्या टाचा घासत, पण टाचा समितीच्या अखत्यारीत येत नव्हत्या. पुढे असे आढळले की सरळ रस्त्यावरही ब्रेक लावल्यावर पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त झिजतात. तेव्हा नाइलाजाने अंतिम नियम करावा लागला. गाड्यांनी ट्रॅकच्या कडेला रांगेत उभे राहावे. चालकांनी हेल्मेट घालून आत बसावे. वीस मिनिटांनी उतरावे.

समोरून अध्यक्षांची गाडी वळणावळणावर किंचाळत फेऱ्या मारी. अभ्यास अजून चालू होता.

वर्षाअखेर समान झीज करंडक जाहीर झाला. सगळ्यांच्या टायरवर पूर्वीच्या पापांच्या खुणा होत्या. एकाच गाडीचे चारही टायर, दोन्ही कडांनी, तंतोतंत सारखे भरले. वर्षभरात ती वळणाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. करंडक चष्मेवाल्याला मिळाला.

त्याने भाषण तयार केले. दुकानातल्या आरशासमोर ते चार वेळा म्हणून पाहिले. 'माझे टायर झिजले नाहीत, कारण तुम्ही मला गाडी चालवूच दिली नाही. मला करंडक नको. माझी वीस मिनिटं परत द्या.' म्हणताना त्याचा आवाज चिरकला, इतके ते खरे होते.

समारंभात तो माइकसमोर उभा राहिला. सभागृह शांत झाले. पहिल्या रांगेत बायको होती, मुली होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या तो पुढे काय म्हणणार याची वाट पाहत होत्या. करंडक चांगला जड होता. त्याने घसा साफ केला.

"हे शिस्तीचं फळ आहे," तो म्हणाला.

टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी व्यासपीठावरच त्याला समितीवर घेतले. मेहुणा धावत आला आणि भाऊजींच्या पाया पडला. आपण काय गमावले हे चष्मेवाल्याला त्या क्षणी नीट कळले होते, आणि त्याला खरोखर वाईट वाटले. पण टाळ्याही छान वाटल्या.

पुढच्याच बैठकीत समिती सदस्यांच्या गाड्यासुद्धा अभ्यासाचे साधन ठरल्या. आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी चष्मेवाल्याला त्याची वीस मिनिटे मिळतात. रांगेत हेल्मेट घालून बसलेल्या जुन्या मित्रांसमोरून तो जोरात जातो, आणि त्याच्या डाव्या टायरची बाहेरची कड मस्त झिजत चालली आहे. वळणावर तो त्यांच्याकडे बघत नाही. वळणावर लक्ष रस्त्यावरच असावे लागते.

हे वाचून हसू आले असेल तर पायातला बूट काढून उलटा करा. टाच एका बाजूने जास्त झिजली असेल, तर उभे असताना तुम्ही कितीही सरळ दिसत असलात तरी चालताना कुठे कलता ते कळेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही, तुम्ही निदान चाललात. आणि टाच दोन्ही बाजूंनी सारखी, अगदी नव्यासारखी असेल, तर अभिनंदन. यंदाचा करंडक घासूनपुसून ठेवला आहे. भाषण मात्र आधी आरशासमोर म्हणून बघू नका. आयत्या वेळी बदलावे लागते.