दारावरची झोप

सकाळी बाईंनी बालवाडीच्या खिडक्या उघडल्या, बुटक्या खुर्च्या मांडल्या आणि रंगीत खडूंचे डबे पुसून ठेवले. मुलं घरून नाना भाषा घेऊन येत; म्हणून दारांवर अक्षरी पाट्यांऐवजी मुलांनीच काढलेली चित्रं लावायची, ही बाईंची पद्धत. नळापाशी ओले हात, शौचालयावर घाईघाईनं पळणारा मुलगा. आज पर्यवेक्षिका हीच पद्धत तपासायला येणार होत्या. ती त्यांना पटली नाही, तर भिंतींवर पुन्हा मुळाक्षरांचे तक्ते चढणार होते. बाईंना मात्र तिळमात्र शंका नव्हती.

"बाई, माझ्या दारावर हे काय?" मुख्याध्यापिका कडाडल्या. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणे.

दारावर नवं चित्र होतं: चष्मा, कललेली मान, मिटलेले डोळे, वासलेलं तोंड आणि खाली घातलेली मांडी.

"चेहरा जमलाय," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"काढा ते आधी!"

"चिमणीनं काढलंय, मोठ्या बाई." चिमणीची भाषा शाळेत कुणालाच येत नव्हती, आणि आल्यापासून तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. "तिचं हे पहिलं वाक्य. फाडलं तर ती दुसरं लिहायची नाही."

"वाक्य कसलं? चहाडी आहे ही!" मोठ्या बाईंनी धाडकन दार लावून घेतलं.

चित्र बाहेरच राहिलं. दूधवाला ते पाहून चवड्यांवर चालत परतला. तक्रार घेऊन तावातावानं आलेले एक आजोबा "असू दे, झोपू दे" म्हणत माघारी वळले. बऱ्याच वेळानं मोठ्या बाईंनी दार उघडलं, तर पर्यवेक्षिका बाकावर बसलेल्या.

"तुम्ही बाहेर का?"

"तुमची झोपमोड नको म्हटलं," त्या कुजबुजल्या.

"अहो, मी कामाच्या वेळी झोपत नाही!"

बाईंनी चिमणीला बोलावलं, चित्राकडे बोट केलं आणि खडू पुढे धरला. चिमणीनं कपाळाला आठी घातली. अर्धवट चित्रावरून एवढी बोंबाबोंब? तिनं चित्रातल्या मांडीवर एक छोटी मुलगी काढली. तीही गाढ झोपलेली.

मोठ्या बाई चष्मा सावरत चित्राजवळ वाकल्या. रडून दमलेल्या चिमणीला पहिल्या दिवशी त्यांनीच मांडीवर घेतलं होतं. थोपटता थोपटता आधी डोळा कुणाचा लागला, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

"तक्ते माळ्यावरच राहू द्या," पर्यवेक्षिका म्हणाल्या.

दुपारी जेवणं झाली आणि मोठ्या बाईंच्या दारापुढे रांग लागली. पेंगुळलेली पोरं, काखेत उशा. चित्र सगळ्यांनी नीट वाचलं होतं.

"अरे, इकडे कुठे? वर्गात चला!" बाई धावल्या.

मोठ्या बाईंनी रांगेकडे एकदा पाहिलं. चष्मा काढून ठेवला, फायलींसकट टेबल भिंतीला सरकवलं आणि सतरंजी अंथरली.

"चपला बाहेर," त्या एवढंच म्हणाल्या.