सरसेनापतींची तीन प्रतींतली तक्रार

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सरसेनापतींच्या पायजम्याची नाडी तुटली आणि त्याच मिनिटाला वजनमापे निरीक्षकांच्या उजव्या दाढेवरची कॅप निघाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही असं ज्याला वाटेल, त्याने निरीक्षकांना पाहिलेलं नाही.

सरसेनापती हा निरीक्षकांनी नऊ वर्षं कागदावर सांभाळलेला योद्धा. दर रविवारी निरीक्षकांच्या धाकट्या बहिणीच्या दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत टेबलाभोवती मंडळी जमत. एक जण गोष्ट चालवी, बाकीचे आपापलं पात्र होऊन त्या गोष्टीत शिरत. तलवार लागली की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवी. बहीण जादूगारीण होई, वायरमन चोर होई, आणि ग्रंथपालबाई, ज्यांनी आयुष्यात लग्नातल्या अक्षतासुद्धा नेम धरून टाकल्या नव्हत्या, त्या तिरंदाजीण होत. निरीक्षक मात्र सरसेनापती होत नसत; सरसेनापती त्यांच्या अंगात येत. फासा खोटा निघू नये म्हणून ते तो महिन्यातून एकदा मिठाच्या पाण्यात तरंगवून बघत.

गोष्ट चालवायचे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्यांच्या सैतानाच्या किल्ल्याच्या गोष्टीत नऊ वर्षांत कोणी हसलं नव्हतं. पण मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते सहा आठवडे अंथरुणाला खिळले, आणि खेळ बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे जावईबापूंच्या हाती आला. जावईबापूंचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वभाव थट्टेखोर. त्यांनी कुठूनशी एक पुस्तिका पैदा केली. नाव होतं ‘ड्रॅगन जेवायला गेले आहेत’. असल्या साहसकथांचं ते विडंबन होतं.

पहिल्याच पानावर राजवाड्याच्या दारात पहारेकऱ्याऐवजी टोकन निघालं. सरसेनापतींचा नंबर चारशे बारा, चालू नंबर नऊ. त्यांच्या तलवारीच्या परवान्याची मुदत गेल्या वर्षीच संपलेली. घोड्याला सर्दी. तो शिंकला की बंद दरवाजे उघडत आणि उघडे बंद होत. हे सगळं निरीक्षकांनी श्वास रोखून सोसलं. मग एकदाचा नंबर लागला आणि खजिन्यासाठी अर्ज घेणाऱ्या ड्रॅगनच्या खिडकीपुढे वाकून नमस्कार करायची वेळ आली. फासा पडला. एक.

“नाडी तुटते,” जावईबापूंनी पुस्तिकेतून वाचलं.

“कोणाची?”

“नमस्कार करणाऱ्याची.”

“सरसेनापती चिलखत घालतात,” निरीक्षक म्हणाले. “चिलखताला नाडी नसते.”

“चिलखताच्या आत काय घालतात, दादा?”

नऊ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वायरमन इतका हसला की खुर्चीसकट मागे गेला. निरीक्षकांनी दात-ओठ खाल्ले. ओठांना काही झालं नाही. कॅप निघाली.

“दाखव बघू,” बहीण लगेच म्हणाली. “आत चल, पाच मिनिटांचं काम आहे.”

“ज्या दवाखान्यात सरसेनापतींची नाडी तुटते, त्या दवाखान्यात मी तोंड उघडणार नाही,” असं तोंड उघडून सांगून निरीक्षक कॅप रुमालात गुंडाळून निघून गेले.

त्या आठवड्यात मंडळीत सरळ फूट पडली. वायरमनचं म्हणणं, नऊ वर्षांत पहिल्यांदा रविवार सुटीसारखा वाटला. बहीण म्हणाली, “मी मत कोणाला देऊ? याची बायको म्हणून की तुझी बहीण म्हणून? मला मतच नाही.” मास्तरांना निरीक्षकांनी फोनवर सगळी हकीकत सांगितली, तेव्हा मास्तर इतके हसले की नर्सने फोन काढून घेतला. दहा मिनिटांनी त्यांनीच परत लावला. “माझ्या सैतानाच्या किल्ल्याला यात कुठे चिमटा आहे का हो?”

“बाराव्या पानावर आहे.”

“मग मी विरोधात. मघाशी हसलो ते धरू नका.”

राहिल्या ग्रंथपालबाई. त्या तर पहिल्यापासून तोंड वाकडं करून बसल्या होत्या. निरीक्षक मोठ्या आशेने ग्रंथालयात गेले.

“निरीक्षकसाहेब, मी तुमच्याच बाजूची आहे,” बाई म्हणाल्या. “खेळाची अशी टवाळी? शोभत नाही. घोड्याची शिंक! हा काय विनोद झाला?”

“अगदी बरोबर. आणि ती नाडी!”

“नाडी बरी होती हो,” बाई म्हणाल्या, आणि पुस्तकावर शिक्का मारता मारता त्यांना हसू फुटलं.

शत्रूने मारलं तर माणूस सांगतो तरी. आपल्याच तंबूतल्याने मारलं तर कोणाला सांगणार? निरीक्षक घरी आले आणि त्यांनी दारावरची बेल दाबली. ती वाजायची थांबेना. बटण अडकलं होतं. वायरमनला फोन केला, तर तो म्हणाला, “येतो ना साहेब. टोकन घ्या. चालू नंबर नऊ.”

बेल वाजत राहिली. दाढ ठणकत राहिली. बायको कानावर हात ठेवून म्हणाली, “सख्खी बहीण दातांची डॉक्टर, टेबलावरचा मित्र वायरमन. आणि आपल्या घरात दाढ आणि बेल दोन्ही बोंबलतायत! कशापायी? तर एका कागदाच्या नाडीपायी!”

“प्रश्न नाडीचा नाही.”

“मग?”

“तत्त्वाचा आहे,” निरीक्षक म्हणाले आणि तक्रार लिहायला बसले.

सव्वीस वर्षं त्यांनी लोकांच्या तक्रारी परत पाठवल्या होत्या. कोणी तारीख विसरे, कोणी प्रती कमी जोडी. त्यामुळे तक्रार कशी असावी हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन रात्री एका गालाने चहा पीत त्यांनी एक्केचाळीस कलमं लिहिली, तीन प्रतींत. कलम चार, घोडा. कलम नऊ, शिंकेने दार उघडत नाही, प्रस्तुत तक्रारदाराने स्वतः स्वयंपाकघराच्या दारावर शिंकून पाहिलं आहे. कलम सतरा, नाडी. उपकलम अ, चिलखताच्या आतील वस्त्राबाबत. आणि कलम एक्केचाळीस: सबब, तक्रारदार सरसेनापतींसह हे टेबल कायमचं सोडत आहे.

हे शेवटचं कलम लिहिताना त्यांचा हात थोडा अडला. ते उठले तर टेबल मोडणार, हे त्यांना कळत होतं. शनिवार आणि सोमवार यांच्यामध्ये त्यांना जायला दुसरी जागाही नव्हती. पण मग सतराव्या कलमावर त्यांची नजर गेली आणि त्यांनी खाली सही ठोकली.

रविवारी ते वेळेवर आले. उभे राहिले.

“बस ना, दादा,” बहीण म्हणाली. निरीक्षकांचा गाल पार टेनिसच्या चेंडूसारखा झाला होता.

“मी उभाच बरा.”

ते का बसत नाहीत हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या भिंतीवर, ‘दिवसातून दोनदा दात घासा’ या पाटीच्या शेजारी, फ्रेममध्ये टेबलाचा नियम लावलेला होता: ‘खुर्चीत बसून जे बोललं, ते पात्राने केलं. मागे घेता येणार नाही.’ नियम निरीक्षकांनीच केला होता. वायरमनला सवय होती, दारामागून राक्षस निघाला की तो म्हणे, “मी दार उघडलंच नाही, नुसतं म्हणालो!” त्याला वेसण घालायला हा नियम. पण त्याचा पहिला बळी गेला ग्रंथपालबाईंचा. चार वर्षांपूर्वी एकदा खोलीत उकडायला लागलं म्हणून त्या म्हणाल्या, “अहो, कोणीतरी खिडकी उघडा. बरं, मीच उघडते,” आणि त्यांची तिरंदाजीण बुरुजाच्या खिडकीतून खंदकात पडली. बाईंनी खूप गयावया केली. निरीक्षक तेव्हा म्हणाले होते, “नियम म्हणजे नियम, बाई.”

तर निरीक्षक उभ्याने वाचू लागले. जावईबापू पुस्तिकेत बोट घालून शांतपणे ऐकत होते. ड्रॅगन खिडकीत, खेळ गेल्या रविवारी जिथे थांबला तिथेच. कलम एक झालं, पाच झालं, घोडा झाला. निरीक्षकांचा आवाज चढत गेला. तेराव्या कलमात ‘सभ्य माणसांच्या टेबलावर’ या शब्दांपाशी त्यांनी जोरात श्वास आत ओढला, थंड हवा थेट उघड्या दाढेला लागली आणि पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत वीज सणाणून गेली. डोळ्यांपुढे अंधारी आली. गुडघे वाकले. नेमकी त्याच क्षणी खुर्ची त्यांच्या मागे आली.

ते बसले. पण चिडलेला माणूस कलमाच्या मधे थांबत नाही. तेरावं कसंबसं संपवून त्यांनी चौदावं घेतलं आणि सतराव्याला टेबलावर मूठ आपटली. उपकलम अ वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, दाढेचं की तत्त्वाचं, सांगता येत नाही. एक्केचाळिसावं संपवून त्यांनी तिन्ही प्रती जावईबापूंपुढे आदळल्या.

जावईबापूंनी पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. त्यांचा थट्टेचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला होता.

“दादा, वाचतो हं. ‘हा ड्रॅगन तलवारीने मरत नाही, जादूनेही मरत नाही. मात्र कोणी किमान पंचवीस कलमांची लेखी तक्रार, तीन प्रतींत, मनापासून चिडून वाचून दाखवली, तर ड्रॅगन खिडकी सोडून निघून जातो. असं कोणीही करणार नाही याची लेखकाला खात्री आहे.’”

वायरमन बोटं मोजत होता. “चौदा ते एक्केचाळीस... अठ्ठावीस कलमं! साहेब, मारलात की हो ड्रॅगन!”

“मी खेळत नव्हतो!” निरीक्षक ताडकन उठले. “मी निषेध करत होतो!”

“खुर्चीत बसून?” वायरमनने भिंतीकडे बोट दाखवलं.

“माझी दाढ दुखली म्हणून बसलो!”

“आणि मला उकडत होतं म्हणून मी खिडकी उघडली होती,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चार वर्षं लोणच्यासारखा मुरला होता. “सात रविवार माझा हात गळ्यात होता, निरीक्षकसाहेब. तेव्हा आपण काय म्हणाला होतात? माझ्या चांगलं लक्षात आहे, पण आपल्या तोंडून ऐकायला बरं वाटेल.”

निरीक्षकांनी नियमाच्या फ्रेमकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच, सही त्यांचीच. नियम मोडावा तर नऊ वर्षांची अब्रू जाते. पाळावा तर त्या टवाळ पुस्तिकेतला सर्वांत मोठा पराक्रम सरसेनापतींच्या नावावर लागतो, आणि तोही तुटक्या नाडीने. बरं, एक्केचाळिसावं कलमही खुर्चीतच वाचलेलं. म्हणजे सरसेनापतींना टेबल सोडावं लागणार?

“टेबल सोडायचं म्हणतायत ते,” जावईबापू घाईने म्हणाले, “पण गोष्टीत टेबल आहेच कुठे? खिडकी आहे.”

निरीक्षक हळूच पुन्हा खुर्चीत बसले.

“कलम चौदापासूनच धरा,” ते म्हणाले. “तेरावं अर्धं उभ्याने होतं. नोंद चुकीची नको.”

वायरमनने टाळ्या पिटल्या. जावईबापूंनी पुढचं वाचलं: खिडकी रिकामी झाली की ती तक्रारदाराला मिळते आणि पुढचा ड्रॅगन तोच.

“आणि दादा,” बहीण म्हणाली, “खिडकीआड बसलं की नाडीचं काही दिसत नाही.”

निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग खुर्चीच्या पायाला अजून टेकलेल्या तिच्या चपलेकडे. आत जाऊन त्यांनी निमूटपणे आ केला.

त्यानंतरच्या रविवारी ते घरून शिक्का आणि लाल पेन घेऊन आले. वायरमनने आदल्याच दिवशी येऊन बेल दुरुस्त केली होती, तरी त्याचा अर्ज परत गेला: तारीख नाही. ग्रंथपालबाईंचा परत गेला: समास कमी. बहिणीचा परत गेला: नात्याचा गैरवापर. सरसेनापतींची मुद्रा नऊ वर्षांत इतकी गंभीर कधी नव्हती. मास्तर काठी टेकत परत आले, तोवर चार रविवारांत खजिन्यापर्यंत एकही माणूस पोचला नव्हता.

“चला,” मास्तर म्हणाले, “आता सैतानाच्या किल्ल्याची खरी गोष्ट पुढे नेऊ.”

“टोकन घ्या, मास्तर,” निरीक्षक मान वर न करता म्हणाले.

“हे विडंबन आहे?” वायरमन भडकला. “यात हसण्यासारखं काय आहे? हा छळ आहे छळ!”

“हसायला सांगितलं कोणी?”

वायरमनने पिशवीतून कागदांचे तीन गठ्ठे काढले. तीस कलमं, रात्रभर जागून लिहिलेली. मनापासून चिडण्याची अटही आपोआप पुरी होत होती. तो बसायला वळला आणि तसाच राहिला. निरीक्षकांनी आल्या आल्या स्वतःची एक सोडून सगळ्या खुर्च्या माळ्यावर चढवल्या होत्या. इतका वेळ सगळे उभे का आहेत, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“ताई, खुर्ची!” वायरमन ओरडला.

“आतली एक आहे, दिवा लागतो ती,” बहीण हातमोजे चढवत म्हणाली. “पण त्या खुर्चीत बसल्यावर मी कोणाला बोलू देत नाही.”

निरीक्षकांनी शिक्क्यावर फुंकर मारली.

“पुढचा,” ते म्हणाले.